फॉरमॅट मारण्याआधी थांबा: लिनक्स टाकल्यावर लॅपटॉप सुरूच होत नाही तेव्हा

"मामा, सगळं गेलं. काळी स्क्रीन आलीय. फॉरमॅट मारू का?"

रविवारी संध्याकाळी भांडुपहून भाच्याचा फोन आला तेव्हा त्याचा आवाज रडवेला झाला होता. लॅमिंग्टन रोडवरून घेतलेला जुना, दुरुस्त करून विकलेला लॅपटॉप. त्यात आधीपासून विंडोज १० होतं आणि महिन्याभरापूर्वी त्याने त्याच्या शेजारी स्वतःच्या हाताने लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाकली होती. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, विंडोज ११ त्या मशिनवर चढत नाही, म्हणून त्याने ही वाट धरली होती. महिनाभर दोन्ही नीट चाललं. त्या दिवशी त्याने विंडोजमध्ये जाऊन रिकामा पडलेला डी ड्राइव्ह तेवढा उडवला. लॅपटॉप पुन्हा सुरू केला तर विंडोजही नाही आणि लिनक्सही नाही. पडद्यावर 'एरर: नो सच पार्टिशन' आणि त्याखाली 'ग्रब रेस्क्यू' एवढंच.

काहीही दाबू नकोस, मी येतो, असं त्याला सांगितलं. कारण अशा वेळी फाइली बहुतेक जागच्या जागी असतात, हरवलेला असतो तो त्यांचा पत्ता. पत्ता पुन्हा लिहिता येतो. घाबरून फॉरमॅट मारलं की मात्र दुरुस्त होण्यासारखी गोष्ट हातची जाते. त्या रात्री त्याला जे समजावलं तेच इथे सविस्तर मांडतो आहे.

चाळीतली नावांची पाटी

डिस्क म्हणजे एकसलग जागा. तिचे भाग पाडले की त्यांना पार्टिशन म्हणतात. हे भाग कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात हे एका छोट्या तक्त्यात लिहिलेलं असतं. गिरगाव-लालबागच्या जुन्या चाळींत जिन्यापाशी भाडेकरूंच्या नावांची पाटी असायची, तसा हा तक्ता. पाटीवरून एक नाव पुसलं म्हणून आतली खोली पडत नाही, भांडीकुंडीही कुठे जात नाहीत. फक्त बाहेरून येणाऱ्याला तिथे कुणी राहतं हे कळत नाही. पार्टिशन डिलीट करताना पहिल्यांदा होतं ते एवढंच: पाटीवरची ओळ पुसली जाते.

जुन्या पद्धतीच्या तक्त्याला एमबीआर म्हणतात. १९८३ मध्ये आयबीएमच्या पीसीबरोबर हार्ड डिस्क आली तेव्हापासूनची ही पद्धत आहे आणि तिची जागा फारच अपुरी आहे. डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटमध्ये सगळं बसवायचं. त्यातले ४४६ बाइट मशिन सुरू करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमसाठी, ६४ बाइट पार्टिशनच्या तक्त्यासाठी आणि शेवटचे २ बाइट 'हा तक्ता खरा आहे' असं सांगणाऱ्या खुणेसाठी. प्रत्येक नोंद १६ बाइटची, म्हणून ६४ बाइटमध्ये चारच नोंदी मावतात. पाचवी खोली हवी असेल तर चारपैकी एका खोलीत पोटखोल्या पाडायच्या. बाहेरच्या खोलीला एक्स्टेंडेड म्हणतात आणि आतल्या पोटखोल्यांना लॉजिकल. लिनक्समध्ये या पोटखोल्यांचे नंबर ५ पासून सुरू होतात. हा पाचचा आकडा ध्यानात ठेवा, आमच्या भाच्याचं घोडं तिथेच अडलं होतं.

नवी पद्धत जीपीटी. तिच्यात सहसा १२८ नोंदींची सोय असते आणि तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते. एमबीआरला साधारण दोन टेराबाइटच्या पुढची जागा मोजताच येत नाही, ती अडचणही इथे नाही. गेल्या दहाएक वर्षांतला लॅपटॉप असेल तर तुमच्याकडे बहुधा जीपीटीच असेल. जुन्या मशिनवर मात्र एमबीआर अजून भेटतो.

हाक कुठे थांबली ते ओळखा

बटण दाबल्यापासून डेस्कटॉप दिसेपर्यंत चार जण एकमेकांना हाक मारतात. पहिला फर्मवेअर, म्हणजे मदरबोर्डवरच्या चिपमध्ये राहणारा प्रोग्रॅम. तो डिस्कवरच्या बूटलोडरला उठवतो. लिनक्समध्ये हे काम बहुतेक वेळा ग्रब करतं. ग्रब कर्नलला, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याला, उठवतं आणि त्याच्यासोबत इनिट-रॅमएफएस नावाची छोटी शिदोरी मेमरीत आणून ठेवतं. त्या शिदोरीतल्या साधनांनी कर्नल मुख्य पार्टिशन शोधून जोडतो आणि मग बाकीची सिस्टिम उभी राहते.

म्हणून पहिला प्रश्न 'काय बिघडलं' हा नसतो. पहिला प्रश्न असतो, हाक कुठपर्यंत पोचली? 'नो बूटेबल डिव्हाइस' आलं तर फर्मवेअरलाच पुढचा माणूस सापडलेला नाही. 'ग्रब रेस्क्यू' आलं तर ग्रब जागं झालंय, पण त्याला त्याचं स्वतःचं सामान सापडत नाहीये. मेनू दिसला, लिनक्स निवडलं आणि मग इनिट-रॅमएफएसचा प्रॉम्प्ट, म्हणजे कमांड लिहायची रिकामी ओळ, आली तर कर्नल उठलाय आणि मुख्य पार्टिशनसाठी अडलाय. पडद्यावरचा तो मजकूर मोबाइलने टिपून ठेवा, अगदी अक्षर न अक्षर. मदत करणाऱ्याला 'काहीतरी इंग्रजी आलं होतं' यापेक्षा त्या फोटोचा कितीतरी जास्त उपयोग होतो.

दादरचे फलाट आणि सहाचा झालेला पाच

भाच्याच्या डिस्कवर डी ड्राइव्ह ही पाच नंबरची पोटखोली होती आणि लिनक्स सहा नंबरची. डी उडवल्याबरोबर पोटखोल्या पुन्हा मोजल्या गेल्या आणि लिनक्सचा नंबर सहावरून पाचवर आला. लिनक्स जागचं तसूभरही हललं नव्हतं. पण ग्रबच्या पोटात कायमचं लिहिलेलं होतं की माझं सामान सहा नंबरला आहे. सहा नंबर तर आता उरलाच नव्हता.

हे त्याला दादरवरून पटलं. ९ डिसेंबर २०२३ पासून दादरला मध्य रेल्वेच्या फलाटांचे नंबर बदलले. पश्चिम रेल्वेचे १ ते ७ तसेच राहिले आणि मध्यचे ८ ते १४ झाले. फलाट तोच, पूल तोच, गाडी तीच. पण मध्यच्या जुन्या तीन नंबरचा झाला नऊ, त्यामुळे जुना आकडा पाठ असलेला माणूस 'तीन नंबर' शोधत गेला तर थेट पश्चिमच्या फलाटावर पोचणार. ग्रबचं नेमकं हेच झालं होतं.

ग्रब रेस्क्यूचा प्रॉम्प्ट ओकाबोका दिसतो, पण तिथून बाहेर पडायला चार-पाच कमांड पुरतात. मी इथे कमांड उच्चाराप्रमाणे लिहितोय, टाइप करताना अर्थातच इंग्रजी लहान लिपीतली अक्षरं वापरायची. आधी नुसतं 'एलएस' टाइप केलं. कंसांमध्ये डिस्क आणि पार्टिशनांची यादी आली: एचडी शून्य, मग एचडी शून्य स्वल्पविराम एमएसडॉस ५, तसंच २ आणि १. आता एकेका पार्टिशनचं नाव कंसासकट 'एलएस'पुढे लिहून, शेवटी स्लॅश देऊन आत काय आहे ते बघायचं. एक नंबरला 'अननोन फाइलसिस्टम' आलं आणि भाच्याने डोक्याला हात लावला. तिथे विंडोजच्या फाइली आहेत आणि या अर्धवट अवस्थेतल्या ग्रबला एनटीएफएस, म्हणजे विंडोजची फाइली ठेवायची पद्धत, वाचता येत नाही, एवढाच त्या ओळीचा अर्थ. पाच नंबरला विचारलं आणि ओळीने नावं आली: बूट, ईटीसी, होम, यूएसआर, व्हार. घर सापडलं.

मग ग्रबला नवा पत्ता द्यायचा. 'सेट रूट' लिहून बरोबरच्या चिन्हापुढे ते पार्टिशन. 'सेट प्रीफिक्स' लिहून तेच पार्टिशन आणि त्यापुढे स्लॅश बूट स्लॅश ग्रब. त्यानंतर 'इन्समॉड नॉर्मल' आणि शेवटी 'नॉर्मल'. एंटर मारताच ओळखीचा मेनू आला, त्यात विंडोजही होतं आणि लिनक्सही. भाचा खुर्चीतून उठून उभाच राहिला.

इथे काम संपत नाही. हा पत्ता मेमरीतच असतो, मशिन बंद केलं की पुसला जातो. लिनक्समध्ये शिरल्यावर 'सुडो ग्रब-इन्स्टॉल' चालवून ग्रब पुन्हा डिस्कवर बसवायचं आणि 'सुडो अपडेट-ग्रब'ने मेनू ताजा करायचा. 'सुडो' म्हणजे पुढची कमांड मालकाच्या अधिकाराने चालव. एमबीआरच्या मशिनवर ग्रब-इन्स्टॉलला पूर्ण डिस्कचं नाव द्यायचं असतं, उदाहरणार्थ डेव्ह फोल्डरातला 'एसडीए'. शेवटी आकडा लावायचा नाही, कारण ग्रबला बसायचंय ते इमारतीच्या दारात, एखाद्या खोलीत नव्हे.

पण पत्ता चुकला होता तर मेनूतून लिनक्स सुरू कसं झालं? कारण पुढचे सगळे जण पार्टिशनला नंबराने ओळखत नाहीत, यूयूआयडीने ओळखतात. फॉरमॅट करताना प्रत्येक पार्टिशनला एक लांबलचक ओळखक्रमांक मिळतो. खोलीचा नंबर बदलला तरी हा बदलत नाही, पुन्हा फॉरमॅट केलं तर मात्र बदलतो. बिघाडांचा दुसरा मोठा गठ्ठा यातूनच निघतो.

दीड मिनिटाची वाट

युनिक्सच्या घराण्यात, म्हणजे लिनक्समध्येही, सी, डी असे ड्राइव्ह नसतात. सगळं एकाच झाडावर असतं. झाडाचं मूळ म्हणजे स्लॅश, आणि प्रत्येक पार्टिशन त्या झाडाच्या कुठल्या तरी फोल्डरला जोडायचं. या जोडण्याला माउंट करणं म्हणतात. कुठलं पार्टिशन कुठे जोडायचं याची यादी ईटीसी फोल्डरातल्या 'एफएसटॅब' या फाइलमध्ये असते आणि ती यादी यूयूआयडीने लिहिलेली असते.

समजा तुमच्याकडे एक लिनक्स आहे आणि शेजारी तुम्ही दुसरं टाकलं. दुसऱ्याच्या इन्स्टॉलरने दोघांच्या सामाईक स्वॅप पार्टिशनला, म्हणजे मेमरी कमी पडली की वापरायच्या डिस्कवरच्या जागेला, पुन्हा फॉरमॅट केलं. झालं, स्वॅपचा यूयूआयडी बदलला. पहिलं लिनक्स सुरू होताना जुन्या क्रमांकाची वाट बघत बसतं. पडद्यावर 'अ स्टार्ट जॉब इज रनिंग' आणि पुढे सेकंद मोजणारं घड्याळ. ही मुदत मुळात ९० सेकंदांची असते. स्वॅप असेल तर ती संपल्यावर गाडी पुढे सरकते. होमसारखं पार्टिशन सापडलं नाही तर सिस्टिम इमर्जन्सी मोडमध्ये थांबते आणि पासवर्ड मागते. उपाय साधा आहे. 'सुडो बीएलकेआयडी' चालवून खरे क्रमांक बघायचे आणि एफएसटॅबमधल्या क्रमांकांशी ताडून पाहायचे. चुकलेली ओळ दुरुस्त केली की झालं. बदल करण्याआधी त्या फाइलची एक प्रत काढून ठेवा, हे मी प्रत्येकाला बजावतो.

फ्रीबीएसडी ही युनिक्सच्या घराण्यातली दुसरी सिस्टिम टाकणाऱ्यांसाठी इथे एक सूचना. त्या घरात एमबीआरच्या पार्टिशनला स्लाइस म्हणतात आणि स्लाइसच्या आत जे भाग पाडतात त्यांना पार्टिशन. शब्द एकच, अर्थ दोन. लिनक्सचा लेख वाचून फ्रीबीएसडीवर हात चालवताना यात हमखास गोंधळ होतो.

नव्या मशिनवरचे घोळ

नव्या लॅपटॉपमध्ये फर्मवेअर यूईएफआय पद्धतीचं असतं. ते डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटमध्ये प्रोग्रॅम शोधत बसत नाही. त्याला एक छोटं, फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेलं पार्टिशन लागतं. त्याला ईएसपी म्हणू. विंडोजने बनवलेलं असेल तर बऱ्याचदा १०० मेगाबाइटचं असतं. त्यात प्रत्येक सिस्टिमचं वेगळं फोल्डर, आणि कुणाला आधी उठवायचं तो क्रम मदरबोर्डच्या स्मृतीत. लिनक्स टाकताना हेच ईएसपी वापरायचं, पण इन्स्टॉलरमध्ये त्याच्यापुढची फॉरमॅटची खूण चुकूनही टिक करायची नाही. केलीत तर विंडोजचा बूटलोडर पुसला जातो.

इन्स्टॉल व्यवस्थित झालं आणि तरी मशिन सरळ विंडोजमध्ये जातंय, अशी तक्रार माझ्याकडे सर्वांत जास्त येते. बहुतेकदा तो नुसता क्रमाचा प्रश्न असतो. मशिन सुरू होताना एफ२, एफ१२, एस्केप किंवा डिलीट यांपैकी तुमच्या कंपनीची जी कळ असेल ती दाबून सेटिंगमध्ये शिरायचं आणि लिनक्सची नोंद वर आणायची.

क्रमाच्या यादीत लिनक्सची नोंदच नसेल तर मात्र दुसरा संशय घ्या. विंडोज यूईएफआय पद्धतीने बसलंय आणि तुम्ही लिनक्सचा पेनड्राइव्ह जुन्या, म्हणजे लेगसी पद्धतीने सुरू केलात. बूट मेनूत तोच पेनड्राइव्ह कधी कधी दोनदा दिसतो, त्यातल्या एका नावाआधी यूईएफआय लिहिलेलं असतं. निवडायचा तोच. पेनड्राइव्हवरून सुरू केल्यावर खात्री करून घेता येते: सिस फोल्डरात फर्मवेअर आणि त्याच्या आत ईएफआय हे फोल्डर असेल तर तुम्ही यूईएफआयमध्ये आहात. नसेल तर तिथेच थांबा आणि पुन्हा सुरू करा.

उलटंही होतं: लिनक्स सुरू होतं, पण मेनूतून विंडोज गायब. २०२१ मध्ये आलेल्या ग्रब २.०६ पासून इतर सिस्टिम शोधणारा ओएस-प्रोबर सुरक्षेच्या कारणाने मुळातच बंद ठेवलेला आहे. ईटीसी, मग डिफॉल्ट, त्यातल्या ग्रब फाइलमध्ये त्याला परवानगी देणारी ओळ चालू करायची आणि अपडेट-ग्रब चालवायचं. विंडोज पुसलं गेलं असं समजून लोक रडकुंडीला येतात आणि ते बिचारं आपल्या जागी शाबूत असतं.

इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल तर डिस्क हाताळणारी इंटेलची आरएसटी नावाची सोय चालू आहे का ते बघा. फर्मवेअरमध्ये ती बदलून एएचसीआय ही डिस्क हाताळायची साधी पद्धत निवडावी लागते. पण ती एकदम बदलली तर विंडोज निळा पडदा दाखवून थांबतं. आधी विंडोजला पुढच्या वेळी सेफ मोडमध्ये सुरू व्हायला सांगा, मग सेटिंग बदला, एकदा सेफ मोडमधून जाऊन या आणि सेफ मोड काढून टाका.

विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप आलंय. तुम्ही शटडाउन म्हणता, पण विंडोज अर्धवट झोपतं आणि ड्राइव्ह अर्ध्या उघड्या दारासारखा ठेवून जातं. लिनक्समधून तो ड्राइव्ह मग नुसता वाचता येतो, लिहिता येत नाही किंवा जोडलाच जात नाही. जबरदस्ती करू नका. विंडोजमध्ये जाऊन पॉवर ऑप्शन्समधून ती सोय बंद करा. बिटलॉकर, म्हणजे ड्राइव्हला कुलूप लावणारी विंडोजची सोय, चालू असेल तर काहीही हलवण्याआधी त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवा आणि तो कागद त्याच लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका.

बाहेरून आत शिरायची युक्ती

ग्रबचा प्रॉम्प्टही येत नसेल तेव्हा ज्या पेनड्राइव्हने लिनक्स टाकलं तोच कामी येतो. त्यावरून 'ट्राय' म्हणून सिस्टिम सुरू करा. 'एलएसबीएलके -एफ' चालवलं की सगळी पार्टिशनं, त्यांचे प्रकार आणि यूयूआयडी झाडासारखे मांडलेले दिसतात. मला विचाराल तर डिस्कला हात लावण्याआधी हा तक्ता कागदावर उतरवणं हीच अर्धी दुरुस्ती आहे.

मग लिनक्सचं मुख्य पार्टिशन एमएनटी फोल्डरला जोडायचं. यूईएफआय असेल तर ईएसपी त्याच्या आतल्या बूट-ईएफआयला. डेव्ह, प्रॉक आणि सिस ही तीन फोल्डरंही आत बांधायची, म्हणजे आतल्या सिस्टिमला खऱ्या हार्डवेअरशी बोलता येईल. आणि मग 'सीएचरूट'. ही कमांड सांगते, आता हेच तुझं मूळ समज. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून युनिक्समध्ये असलेली ही युक्ती आजही तितकीच कामाची आहे. सीएचरूट केल्यावर तुम्ही बंद पडलेल्या सिस्टिमच्या आत उभे असता, दार तोडावं लागत नाही. तिथून ग्रब-इन्स्टॉल आणि अपडेट-ग्रब चालवून बाहेर या. डिस्ट्रोप्रमाणे, म्हणजे लिनक्सच्या अवताराप्रमाणे, कमांडांची नावं थोडी बदलतात, त्यामुळे आपल्या डिस्ट्रोचं पान उघडून चालवा. कमांडांचीच भीती वाटत असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठीतून ऐकता येतात.

दोनच प्रसंगी मी हात आवरता घेतो. डिस्कमधून टकटक येत असेल किंवा फाइली वाचताना मशिन पुनःपुन्हा अडकत असेल, तर आधी डिस्कची प्रत काढायची आणि मग बाकीचं. आणि इन्स्टॉलरमध्ये 'इरेज डिस्क' निवडलं गेलं असेल, तर त्या डिस्कवर नवं काहीही लिहायचं नाही, मशिन लगेच बंद करायचं. टेस्टडिस्कसारखं साधन हरवलेल्या पार्टिशनांच्या खुणा शोधून पाटी पुन्हा लिहू शकतं, पण ज्या खोलीत नवं सामान आलंय तिथलं जुनं परत येत नाही.

भाच्याचा मात्र एकही फोटो गेला नाही. मी घरी पोचून जेवायला बसलो तोच साडेनऊला पुन्हा फोन. "मामा, विंडोजमध्ये दुपारचे चार वाजलेत!" नेमका साडेपाच तासांचा फरक, आणि हा आकडा भारतात हमखास भेटतो. मदरबोर्डवरच्या घड्याळात लिनक्स जागतिक वेळ ठेवतं आणि दाखवताना त्यात आपले साडेपाच तास मिळवतं. विंडोज त्याच घड्याळातली वेळ भारतीय समजून जशीच्या तशी दाखवतं. त्याला सांगितलं, लिनक्समध्ये जा, 'टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १' चालव, म्हणजे लिनक्सही त्या घड्याळात भारतीय वेळच ठेवेल. ती कमांड 'हे नको, जागतिक वेळच बरी' असा इशारा देते. आपल्याकडे उन्हाळ्यात घड्याळं पुढे-मागे करायची पद्धत नाही, त्यामुळे त्याच्यासाठी ते चालण्यासारखं होतं. दहा मिनिटांत त्याचा फोटो आला, विंडोजच्या कोपऱ्यात नऊ वाजून अडतीस मिनिटं.